नऊ मिलिमीटरचे दहा भाग

मिलिमीटरच्या दोन रेघांमधली जागा नुसत्या नजरेने दहा भागांत वाटायला सांगा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. पण दोन रेघा समोरासमोर आणून विचारा, या एका ओळीत आहेत का? डोळा तत्काळ सांगतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या दोन पेशींमधल्या अंतराहूनही बारीक फरक तो टिपतो. व्हर्नियरची सरकती पट्टी या देणगीवर उभी आहे, म्हणून मला ती इतकी जवळची वाटते.

पट्टीवर बारीक रेघ एकही नाही. मुख्य पट्टीवरच्या नऊ मिलिमीटरएवढ्या लांबीचे तिच्यावर दहा समान भाग असतात. तिचं प्रत्येक घर ०.९ मिलिमीटरचं, समोरच्यापेक्षा जरासं तोकडं. व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात तार धरली की शून्याची रेघ दोन खुणांच्या अधेमधे थांबते. मग पुढे पाहत जायचं, कुठली रेघ समोरचीला बरोबर भेटते. चौथी भेटली तर वरचे ०.४ मिलिमीटर. चार घरांचा तोकडेपणा साठत साठत नेमका त्या उरलेल्या फटीएवढा झालेला असतो.

हे सुचायला वेळ लागला. १५४२ साली पोर्तुगालच्या पेद्रु नुनिशने कोनमापकाच्या कडेच्या कंसाच्या आत एकात एक ४४ कंस सुचवले. कडेच्या कंसाचे ९० भाग, आतल्यांचे ८९, ८८ असे उतरत ४६ पर्यंत. कल्पना थोर होती, पण कंसाचे ८३ सारखे भाग अचूक पाडणार कोण? खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेनेही ती करून पाहिली आणि सोडली. १६३१ मध्ये ब्रसेल्सला छापलेल्या पुस्तकात पिएर व्हर्निएने एकच छोटा कंस घेतला आणि तो सरकता केला. अर्ध्या अंशाची ३१ घरं, सरकत्या कंसावर त्यांचे ३० भाग. वाचन थेट कोनाच्या एका मिनिटापर्यंत.

आता डिजिटल कॅलिपर आकडाच दाखवतो. कारखान्यात तो हवाच. अकरावीच्या प्रयोगशाळेत मात्र मुलांच्या हाती रेघांचाच द्यावा, असं मला ठामपणे वाटतं. तो उजेडाकडे कलता धरावा लागतो. तिसरी रेघ की चौथी, असा संशय आला तर शेजारच्या दोन्ही रेघा दोन बाजूंना सारख्याच ढळल्यात का, ते पाहावं लागतं. आणि मग ०.३ की ०.४, हे ज्याचं त्याने ठरवून वहीत लिहायचं असतं.