पातळ पाना

मुलीची माउंटन बाइक येऊरचा पाऊस खाऊन आली आणि मागचं चाक कुरकुरायला लागलं. मुलुंडमधल्या एका दुकानात नेली. तिथल्या पोराने चाक उचलून एकदा गरकन फिरवलं. "काका, हब गेला. अख्खं चाकच बदला." पाना हातात घेतलाच नाही. न उघडता निदान करणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि तो अजून उतरलेला नाही.

घरी येऊन माळ्यावरची अण्णांची पत्र्याची पेटी काढली. घासलेट आणि जुन्या ग्रीसचा वास आला आणि त्याच्यामागून अण्णांचा आवाज: "रेडिओ बंद कर."

रविवारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून अण्णा सायकल ओव्हरऑइल करायचे. शेवटी एक्सल अंगठा आणि तर्जनीत धरून अगदी सावकाश फिरवायचे. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. छर्ऱ्याला किंवा छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनला खड्डा पडलेला असेल तर तो आधी बोटाला लागतो. मग रेडिओ का बंद करायचा, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पेटीत तो पातळ पाना होता. कोन आणि त्याच्या बाहेरचं लॉकनट यांच्यात जागाच एवढी कमी, की नेहमीचा जाड पाना एकदम दोघांना पकडतो. म्हणून कोनचा पाना जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा लागतो. अण्णा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मोडीतला पंधरा नंबर त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरवर उतरवला. तापला की पाण्यात, पुन्हा दगडावर, पुन्हा पाण्यात. पोलादाचं पाणी उतरलं असतं तर पहिल्याच जोराला जबडा फाकला असता. एका कडेला वाटाण्याएवढा निळसर डाग आहे. तिथे पाण्यात बुडवायला क्षणभर उशीर झाला असावा.

या पान्याने जोर लावायचाच नाही. त्याने कोन जागच्या जागी धरून ठेवायचा. आवळायचं ते लॉकनट, दुसऱ्या पान्याने. नाहीतर लॉकनटाबरोबर कोनही फिरतो आणि मघापासून जुळवलेलं सगळं बिघडतं.

पॅरिसच्या ज्यूल सुरिरे नावाच्या सायकल मेकॅनिकने १८६९ मध्ये अशा छर्ऱ्यांच्या बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच नोव्हेंबरात तशी बेअरिंग बसवलेल्या सायकलवर जेम्स मूरने पॅरिस ते रूआँ ही शर्यत जिंकली. अण्णांना हे माहीत नसणार. त्यांची स्वतःची सायकल काळी हिंद, वरळीत बनलेली. त्या कंपनीचं १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं, सेन-रॅले या दुसऱ्या सायकल कंपनीबरोबरच. तरी ती टिकली नाही. पुढे अण्णांचा कारखानाही गेला.

मुलीने आणि मी हब उघडला. चेनचा तुकडा लावलेल्या दांडीने कॅसेट धरली, रिमूव्हरने लॉकरिंग सोडवली. आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. एका कोनवर दोन बारीक खड्डे. कप मात्र दोन्हीकडे आरशासारखे. हब गेला नव्हता. नवा कोन, नवे छर्रे आणि बोटभर ग्रीस, एवढ्यावर काम भागलं. क्विक रिलीज आवळला की पोकळ एक्सल किंचित दबतो, म्हणून चाक हातात असताना नाममात्र ढिलाई ठेवावी लागते. अण्णांच्या सायकलला साधे नट होते, हे त्यांना कधी करावं लागलं नाही. मुलीने एक्सल दोन बोटांत धरला. मी हाका मारून पंखासुद्धा बंद करायला लावला.

कारखाना बंद झाल्यावर अण्णा आमच्या सगळ्या इमारतीच्या सायकली उघडायचे. पैसे घेत नसत. आई चिडायची, घरात ओढ असताना फुकट कशाला म्हणून. ते म्हणायचे, हात चालता राहिला पाहिजे. ज्या हातांनी हजारांश इंच मोजला, त्यांना ते शेजारच्या पोरांच्या छर्ऱ्यांत गुंतवत होते. आईचं बरोबर होतं. पण मी तेव्हाही अण्णांच्या बाजूने होतो आणि आजही आहे.

आता मुलीला पुढचं चाकही उघडायचंय. त्याला तेरा नंबर लागतो आणि तो पेटीत नाही. बाजारात मिळतो, पण तिला तो घासूनच करायचाय. भांडुपच्या गाळ्यांत कुणी तासभर ग्राइंडर देईल का, याची चौकशी चालू आहे.