टोचन

गेल्या महिन्यात इशाची नमाज आटोपून अंगणात बसलो होतो, तेव्हा अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. "बडे अब्बा, जीपला टोचन लावायचंय. जरा नीट समजावून सांगा."

शहापुरात तीसएक वर्षे गॅरेज चालवल्यावर टोचन मला नवीन नाही. पण हे टोचन वेगळे होते. त्याने जुने मोटार-होम घेतले आहे. झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली, बसएवढी गाडी. ती एकदा मुक्कामाला लावली की दूध-भाजी आणायला पुन्हा हलवणे जिवावर येते. म्हणून तिकडे बरेच लोक मागे छोटी गाडी बांधून नेतात, चारही चाके रस्त्यावर ठेवून. त्यासाठी त्याने रँग्लर जीप घेतली होती.

आपल्याकडे अशी हौस चालत नाही. 1989 च्या वाहतूक नियमांत बंद पडलेली गाडीच जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढून नेण्याची मुभा होती. दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत, आणि मागच्या गाडीत लायसनवाला माणूस हवा. हे नियम मला फार उशिरा कळले.

पुतण्याने तयारी बरीच केली होती. जीपच्या चेसिसला पुढून लोखंडी पट्टी बोल्टने आवळली होती. तिच्यापासून मोटार-होमपर्यंत दोन पायांचा दांडा. दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या नेलेल्या, म्हणजे दांडा निसटलाच तर जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांवर टेकेल. मागचे दिवे पुढच्या दिव्यांबरोबर लागावेत म्हणून वायरही जोडली होती. जीपचा ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणि ऑटोमॅटिक गिअर पार्कवर ठेवायचा, हे त्याने पुस्तकात वाचले होते. मी एवढेच जोडले की स्टिअरिंगचे लॉक उघडे आहे का ते बघ, हँडब्रेक सोड, थोडे अंतर गेल्यावर थांबून चारही चाकांना हात लावून बघ. एखादे तापले असेल तर काहीतरी अडकते आहे. आणि बांधलेली जीप घेऊन रिव्हर्स घेऊ नकोस, तिची पुढची चाके आडवी वळतात.

मग मी विचारले, "जीपचे ब्रेक लागायची काय सोय?"

"त्याचा एक डबा मिळतो. पेडलपुढे ठेवायचा, पुढची गाडी थांबली की तो पेडल दाबतो. जोड तुटला तर ब्रेक लावणारी एक तारही असते. पण महाग आहे, बडे अब्बा. मोटार-होमचे ब्रेक दणकट आहेत. पुढच्या खेपेला घेईन."

मी थोडा वेळ बोललोच नाही. मग म्हणालो, "तुझ्या अब्बांचं मनगट वाकडं का आहे, ठाऊक आहे?"

"म्हैस आडवी आली होती ना?"

घरात सगळ्यांना एवढेच ठाऊक होते. मी त्याला उरलेले सांगितले.

1990 सालचा रमजान. मुरबाडला एका गिऱ्हाइकाचा हलका ट्रक इंजिन जाम होऊन उभा होता. ओळखीचा रिकामा ट्रक घेऊन मी आणि धाकटा भाऊ आणायला गेलो. तो 17 वर्षांचा. गाडी चालवायचा झकास, लायसन मात्र नव्हते. मोठेपणी ट्रकवरच जायचे, हे त्याने ठरवून टाकले होते. मी गाडीखाली शिरून प्रोपेलर शाफ्ट उतरवला, कारण इंजिन बंद असताना मागच्या चाकांनी गिअरबॉक्स फिरत राहिला तर तो कोरडा पडून खराब होतो. मग दोर बांधला. भावाला म्हणालो, "चावी काढू नकोस, स्टिअरिंग लॉक होईल. दोर ताणलेला ठेव." तो स्टिअरिंगवर बसला.

एक गोष्ट सांगायची राहिली. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टरही बंद. दोन-तीनदा पेडल दाबले की साठलेला जोर संपतो, मग ते दगडासारखे होते. दांडा असता तर पुढच्या गाडीने दोघांना आवरले असते. दोराला फक्त ओढता येते, थांबवता येत नाही.

इफ्तारच्या आत घरी पोचायचे म्हणून मी चाळीसच्या पुढे हाकत होतो. काळू नदीच्या पुलाकडच्या उतारावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. त्यानेही दाबला असणार, दोन्ही पायांनी. मागचा ट्रक येऊन आदळला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते. उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले तेव्हा हाड वाकडे जुळलेले होते. ट्रकचे राहिले, त्याने किराणा दुकान टाकले.

अब्बांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "म्हैस आडवी आली." ते खोटे नव्हते. भाऊ शेजारीच पडला होता. तो काही बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. मी गिअरबॉक्स जपला, आणि मागे बसलेल्या सख्ख्या भावाला ब्रेकचे सांगितले नाही, हे मी कोणालाच सांगितले नव्हते.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग पुतण्या म्हणाला, "डबा घेतो. तोपर्यंत गाडी हलवत नाही."

त्याला सांगितले, मग ज्याला सांगायला हवे होते त्याला कसे टाळणार? सकाळी दुकानावर गेलो. भाऊ साखर तोलत होता. मी सगळे बोलून टाकले, माफी मागितली. त्याने पुडी बांधली, मनगट वळते तेवढे वळवून दोरा तोडला.

"भाई, त्या दिवशी मीच हट्ट करून आलो होतो," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "पोराला ब्रेकचं सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"मग झालं," म्हणत त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवले.