अकरा नंबरच्या फलाटावरून

म्युनिकच्या मुख्य रेल्वे स्थानकात गेली कित्येक वर्षं तोडफोड आणि बांधकाम चालू आहे. पत्र्यांच्या आडोशांमधून वाट काढत अकरा नंबरच्या फलाटावर पोचलं, तर इतर फलाटांपेक्षा वेगळं असं तिथं काहीच दिसत नाही. गाड्या येतात, चाकांच्या बॅगा खडखडत निघून जातात. मला मात्र हाच फलाट बघायचा होता. १९६० च्या दशकात आणि पुढे १९७३ पर्यंत ग्रीस, तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया इथून कामगारांना घेऊन येणाऱ्या गाड्या इथं लागत. इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकातून निघालेला माणूस दोन-तीन दिवस लाकडी बाकावर अवघडून इथं उतरायचा. त्याला जिना उतरवून फलाटाखालच्या बंकरमध्ये नेत. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून बचाव करण्यासाठी बांधलेलं हे तळघर. तिथं त्याला खायला मिळे, नाव पुकारलं जाई, कुठल्या कारखान्याच्या वाट्याला तो आला आहे ते कळे आणि पुढची गाडी मिळे. रोजच्या प्रवाशांच्या नजरेआड हे सगळं उरकायचं.

या तळघरात ग्रीक आणि तुर्क शेजारी शेजारी बसलेले असत. दोघंही बहुधा खेड्यातले. दोघांचेही दात, फुप्फुसं आणि लघवी जर्मन डॉक्टरांनी निघण्याआधीच तपासलेली. दोघांनाही दोनचार वर्षं राबून पैसे गाठीला बांधायचे आणि गावी घर बांधायचं होतं. मग साठ वर्षांनंतर या दोन समाजांच्या आर्थिक परिस्थितीत अंतर का पडलं? जर्मनीत तुर्कांमधली बेकारी वर्षानुवर्षं सगळ्यांत जास्त राहिली. ग्रीकांचीही जर्मनांपेक्षा बरीच वर होती, पण तुर्कांपेक्षा कमी. गिमनाझियममध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणारी मुलं ग्रीकांमध्ये ठळकपणे जास्त. याचं उत्तर देताना लोक चटकन धर्माकडे आणि 'संस्कृती'कडे बोट दाखवतात. मला ते उत्तर पटत नाही, आणि म्युनिकमध्ये फिरताना ते आणखीच पटेनासं झालं.

फरक पहिल्या कागदापासून आहे. पश्चिम जर्मनीनं ग्रीसशी कामगारभरतीचा करार ३० मार्च १९६० ला केला, तुर्कस्तानशी ३० ऑक्टोबर १९६१ ला. मधल्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती आणि पूर्वेकडून येणारे हात थांबले होते, त्यामुळे जर्मन कारखानदार घाईत होते. तरीही तुर्कांच्या करारात दोन वर्षांची मुदत घातली गेली आणि बायकापोरांना आणण्याची सोय त्यात नव्हती. ग्रीकांना अशी मुदत नव्हती. १९६४ मध्ये तुर्कांवरची ती अट निघाली, तीही कारखानदारांच्या आग्रहानं, कारण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांनी परत पाठवणं त्यांना परवडत नव्हतं. पण तुम्ही इथले होणार नाही, हे तुर्कांना पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं.

स्थानकाच्या उत्तरेला पंधराएक मिनिटं चाललं की क्योनिग्सप्लाट्स हा भव्य चौक लागतो. अथेन्समधून उचलून आणल्यासारखे खांब आणि त्रिकोणी कपाळपट्ट्या. एका बाजूला प्रोपिलेअन हे प्रवेशद्वार आहे, वास्तुकार लेओ फॉन क्लेंझं याचं. ऑटोमन सत्तेविरुद्ध ग्रीकांनी केलेल्या स्वातंत्र्ययुद्धाचं हे स्मारक. बायर्नच्या, म्हणजे बव्हेरियाच्या, राजा लुडविगचा मुलगा ओटो १८३२ मध्ये स्वतंत्र ग्रीसचा पहिला राजा झाला. स्मारक पुरं झालं १८६२ मध्ये आणि त्याच वर्षी ग्रीकांनी ओटोला पदच्युत केलं. जुन्या शहरातलं साल्वाटोर चर्चही लुडविगनंच ग्रीक ऑर्थोडॉक्स समाजाला दिलं. म्हणजे १९६० मध्ये ग्रीक मजूर इथं उतरला, तेव्हा त्याच्या देशाबद्दलची कौतुकाची भावना या शहराच्या दगडात आधीच कोरलेली होती. शाळेत होमर शिकलेला जर्मन मास्तर ग्रीक पोराकडे आणि तुर्क पोराकडे एकाच नजरेनं बघत असेल का? मला शंका आहे. मास्तर कुठल्या मुलाला गिमनाझियमसाठी सुचवतो, यावर जर्मनीत त्या मुलाची पुढची कमाई ठरते, आणि हा निर्णय बहुतेक राज्यांत मूल दहा वर्षांचं असतानाच होतो.

स्थानकाच्या दक्षिणेला जग बदलतं. ग्योटेश्ट्रास आणि लांडवेरश्ट्रास या रस्त्यांवर तुर्की किराणा, सोनारांच्या पेढ्या, विमानाची तिकिटं विकणारे, न्हावी. फुटपाथवर वांगी आणि लांब हिरव्या मिरच्यांचे खोके. माझ्याबरोबर माझी भाची होती. पुण्यात शिकलेली, इथं मोटारींच्या सॉफ्टवेअरचं काम करणारी. "मावशी, ऑलिव्ह चाखल्याशिवाय घ्यायचे नाहीत," असं म्हणत ती मला एका दुकानात घेऊन गेली. काउंटरजवळ एक वृद्ध गृहस्थ इवल्या काचेच्या पेल्यातून चहा पीत बसले होते. भारतातून आलो आहोत म्हटल्यावर आमच्यासाठीही चहा आला, बशीत साखरेचे दोन खडे. भाचीनं जर्मनमधून विचारलं, त्यांनी सांगितलं, तिनं मला मराठीत सांगितलं.

ते अॅनातोलियातल्या खेड्यातून १९७० मध्ये आले. धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात लागले. ऐंशीच्या दशकात कारखान्यानं माणसं कमी केली. दुकान टाकायचं मनात होतं, पण त्यांच्या निवास परवान्यावर स्वतंत्र धंदा करायला बंदी होती. मग एका जर्मन ओळखीच्याच्या नावावर दुकान चाललं. माल, कष्ट आणि कर्ज यांचं. नाव त्याचं, आणि नावाचं भाडं दर महिन्याला. किती वर्षं? त्यांनी हाताच्या बोटांवर मोजायला घेतलं आणि मग मान हलवून ते मोजणं सोडून दिलं.

असं नाव उसनं घेऊन धंदा करणं त्या काळात तुर्कांमध्ये सर्रास होतं. ग्रीकांची ही अडचण १९८१ च्या १ जानेवारीला संपली. त्या दिवशी ग्रीस युरोपीय समुदायात गेला. ग्रीक माणसाला खाणावळ काढायची तर जर्मन माणसाला लागते तेवढीच परवानगी पुरेशी झाली. १९८८ पासून नोकरीसाठी हवं तेव्हा यायची-जायचीही मोकळीक मिळाली. जर्मनीतल्या लहान लहान गावांतसुद्धा ग्रीक तावेर्ना दिसते, त्यामागे १९८१ ची ती तारीख आहे.

खरा फरक परत फिरण्याच्या मोकळिकीचा आहे असं मला वाटतं. तेलसंकटाच्या वेळी, २३ नोव्हेंबर १९७३ ला, जर्मनीनं भरती बंद केली. तेव्हा देशात सुमारे २६ लाख परदेशी कामगार होते. त्यांत सहा लाखांहून अधिक तुर्क होते, ग्रीक अडीच लाखांच्या आसपास. पुढच्याच वर्षी ग्रीसमधली लष्करी राजवट कोसळली आणि ग्रीक मोठ्या संख्येनं घरी परतले. तुर्क परतला असता तर त्याला पुन्हा दार उघडणार नव्हतं. म्हणून तो थांबला आणि त्यानं बायकामुलं आणली. भरतीबंदीनं लोक कमी होतील हा सरकारचा हिशेब इथंच चुकला. १९८३ मध्ये कायदा करून परत जाणाऱ्या बेकार कामगाराला साडेदहा हजार मार्क देऊ केले. युरोपीय समुदायाबाहेरच्या देशांसाठी ही योजना होती आणि त्यात तुर्कच सर्वाधिक होते. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी निवृत्तिवेतनासाठी भरलेला स्वतःचा वाटाही काढून घेतला. त्याबरोबर म्हातारपणाचा हक्क गेला आणि परतीची वाटही. उलट ज्या ग्रीकाचं गावी बस्तान बसलं नाही, तो काही वर्षांनी पुन्हा जर्मनीत आला. बस्तान बसलं तो तिथंच राहिला, म्हणजे ज्याचं इथं जमत होतं तोच बहुधा इथं उरला. तुर्कांमध्ये मात्र ज्याचं जमलं तो आणि ज्याचं अजिबात जमलं नाही तो, दोघंही राहिले, आणि तेही नेमक्या त्या काळात जेव्हा कोळशाच्या खाणी, पोलाद आणि अकुशल कारखानी काम वितळत चाललं होतं. आकडेवारीत दिसणारी दरी बरीचशी इथं आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. इटालियन लोकांना तर समुदायाचं दार सुरुवातीपासून उघडं होतं. तरी जर्मनीत इटालियन मुलांचं शिक्षण तुर्क मुलांइतकंच मागं राहिलं. मग पासपोर्टवर सगळा भार कसा टाकायचा? हा प्रश्न मनात घेऊनच मी वेस्टएंड भागात गेले. टेरेझियनवीजंच्या, म्हणजे ऑक्टोबर महोत्सवाच्या मैदानाच्या, पश्चिमेला हा जुना कामगार मोहल्ला आहे. आउगुस्टिनर बिअरचा कारखाना अजून इथं आहे, वारा फिरला की गल्लीत माल्टचा गोडूस वास येतो. पूर्वी दमट खोल्या आणि सामायिक संडास असलेल्या या चाळवजा घरांत ग्रीक आणि तुर्क दोघंही राहिले. आता तीच घरं रंगवून-सजवून अशा भाड्यानं दिली जातात की माझ्या भाचीलाही ती परवडत नाहीत.

बेर्गमानश्ट्रासवर 'ग्रीक हाऊस' आहे. इथं आणि अशाच ठिकाणी ग्रीकांनी आपल्या सभा भरवल्या, मुलांचे दुपारचे वर्ग चालवले. लष्करशाहीच्या सात वर्षांत ग्रीसमधून शिकलेली माणसंही जर्मनीत आली होती. पावलोस बाकोयानिस हा पत्रकार म्युनिकच्या बायर्न रेडिओवरून ग्रीक कार्यक्रम करायचा आणि लष्करशाहीवर कडाडून टीका करायचा. दिवसभर कारखान्याच्या पट्ट्यावर काम केलेले मजूर संध्याकाळी तो ऐकायचे. मजूर आणि वकील, शिंपीण आणि विद्यार्थी एकाच सभागृहात बसले, तर मजुराला शाळेचे अर्ज कसे भरायचे आणि मास्तरशी कसं भांडायचं हे कळतं. माझ्या मते ग्रीकांची ही कमाई पासपोर्टइतकीच मोठी आहे.

ती सरळसोट मात्र नव्हती. बायर्नमध्ये ग्रीक माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि पोरांनी ग्रीसमधल्या विद्यापीठात जावं अशी आईबापांची इच्छा होती. कित्येक गेलीही. पण ज्यांना इथंच राहायचं होतं त्यांची जर्मन कच्ची राहिली आणि नोकरी शोधताना ते नडलं. एका तावेर्नात भेटलेल्या मालकीणबाई अशाच एका शाळेतल्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आईबापांबरोबर उत्तर ग्रीसला गेल्या, नव्वदच्या दशकात नवऱ्याला घेऊन परतल्या. जर्मन व्याकरण अजून चुकतं, म्हणाल्या. त्यांच्याकडे हिशेब बघणारा भाचा २०१० नंतरच्या मंदीत अथेन्सहून आलेला इंजिनिअर आहे. विमानाचं तिकीट काढलं आणि आला. तेवढं पुरलं.

तिथून जवळच ट्रापेनट्रॉयश्ट्रास हा रहदारीचा रस्ता आहे. इथं १५ जून २००५ ला थेओडोरोस बुल्गारिडेस या ४१ वर्षांच्या ग्रीक माणसाला त्याच्या नव्या किल्ल्या-कुलपांच्या दुकानात गोळ्या घातल्या गेल्या. दुकान उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. याच शहरात २९ ऑगस्ट २००१ ला हबिल किलिच या तुर्की वंशाच्या माणसाला भाजीफळांच्या दुकानात मारलं होतं. पोलिसांनी दोन्ही घरांत जुगार आणि अमली पदार्थांचे धागे शोधले, आणि ग्रीक माणसाचा खून वर्तमानपत्रात तुर्की माफियाच्या नावावर गेला. एनएसयू या नवनाझी टोळीनं हे केलं होतं, ते २०११ च्या नोव्हेंबरमध्ये उघड झालं. टोळीनं मारलेल्या दहा जणांत आठ तुर्की वंशाचे होते, एक ग्रीक, एक जर्मन पोलीस. युरोपीय पासपोर्ट, क्योनिग्सप्लाट्सचे खांब, शाळेतली टक्केवारी, मारेकऱ्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं. त्याला दिसला काळ्या केसांचा एक दुकानदार.

आणि एक गोष्ट पासपोर्टवर भरवसा ठेवणाऱ्या मला गप्प करते. १९२३ च्या लोसान करारानं ग्रीस आणि तुर्कस्तानमध्ये लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली, पण पश्चिम थ्रेसच्या मुसलमानांना त्यातून वगळलं होतं. तिथले तंबाखू पिकवणारे तुर्कीभाषक शेतकरी ग्रीक नागरिक म्हणून जर्मनीत कामाला आले. कागदावर ग्रीक, घरात तुर्क. माझ्या हिशेबानं यांचं भलं व्हायला हवं होतं. पण ग्रीक नागरिकत्व कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, परतण्याचा हेतू न ठेवता देश सोडलेल्या बिगरग्रीक वंशाच्या माणसाचं नागरिकत्व रद्द करता येत होतं. परदेशी गेलेल्या हजारोंचं ते असं गेलं, अनेकांना कळलंही नाही. हे कलम १९९८ मध्ये काढलं गेलं.

संध्याकाळी उरलेले ऑलिव्ह घ्यायला पुन्हा लांडवेरश्ट्रासला गेलो तेव्हा म्हाताऱ्या गृहस्थांचा नातू गल्ल्यावर होता, मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. २७ जून २०२४ पासून जर्मनीत तुर्कांनाही जुनं नागरिकत्व न सोडता नवं घेता येतं. ग्रीकांना ही मुभा कितीतरी आधीपासून होती. नातवानं आजोबांचा अर्ज भरला आहे, शुल्क २५५ युरो. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून ग्रीक लोक म्युनिकच्या महापौराच्या निवडणुकीत नव्वदच्या दशकापासून मत देतात. आजोबा या शहरात पन्नासहून जास्त वर्षं राहिले आणि त्यांनी एकदाही दिलेलं नाही. अर्ज कुठवर आलाय म्हणून भाचीनं विचारलं. कार्यालयाकडून अजून पोच आली नाही, नातू म्हणाला, आणि तोलून झालेल्या ऑलिव्हमध्ये त्यानं आणखी एक चमचा टाकला.