सायलेन्सरचं तोंड कुणीकडे?

‘वीकेंडला कर्जतला चाललोय’ म्हटलं की ऑफिसात प्रश्न ठरलेला, ‘लोकलने?’ नाही हो! हे ते कर्जत नव्हे. हे नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं), कमी पावसाच्या पट्ट्यातलं कर्जत. माळरान, ज्वारी, बाभळी आणि काळवीट.

आमची साडेसहाशे सीसीची बाइक दोन सिलिंडरची, सायलेन्सरही दोन. निघायच्या आदल्या दिवशी दोन्हींच्या टोकाला स्टीलच्या वाकड्या टिप्स बसवल्या. आवाज वाढवायचा नव्हताच, ते कायद्यातही बसत नाही. हौस फक्त दिसण्याची. मेकॅनिकने पाना हातात घेऊन विचारलं, ‘तोंड कुणीकडे करू?’ मी ऐटीत म्हणालो, ‘वर!’

भिगवणपर्यंत मी राजा होतो. चहाला थांबलो आणि मागे बसलेली बायको म्हणाली, ‘काहीतरी जळतंय, बघ जरा.’ सॅडलबॅगचं बूड काळं पडलं होतं, नायलॉनची शिवण वितळली होती. आत तिचा नवा कुर्ता! शिवाय वर तोंड म्हणजे पावसाचं पाणी थेट आत, हेही तेव्हाच सुचलं.

सायलेन्सर गार होईपर्यंत दोन चहा झाले. मग क्लॅम्प सैल करून टिप्स थेट खाली फिरवल्या. पुढे रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरलो की आमचा धूर जमिनीवर आपटून धुरळा उडवायचा. राशीनला जगदंबेच्या देवळातल्या प्रसिद्ध हलत्या दीपमाळा बघायला थांबलो, तर मागून दुसऱ्या बाइकवर येणारा मित्र पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. बोलला काहीच नाही. चहाचं बिल मात्र माझ्या नावावर.

खरा धडा रेहेकुरीला मिळाला. कर्जतजवळचं हे काळवीट अभयारण्य १९८० सालचं, पसारा जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. वाळलेल्या गवताच्या कडेला बाइक लावली आणि तिथला वनरक्षक धावतच आला. ‘साहेब, आधी गाडी गवतावरून काढा. तोंड बघा कुठं आहे!’ तापलेला सायलेन्सर आणि खाली चुरचुरीत कोरडं गवत. एवढ्याशा माळाला पेटायला किती वेळ लागणार? मुकाट्याने गाडी मोकळ्या मुरुमावर ढकलली. अर्ध्या तासाने पीळदार शिंगांचा एक काळाभोर नर आणि मागे सात-आठ माद्या निवांत चरत पुढून गेल्या. मला मात्र त्या गवताकडेच बघवत नव्हतं.

परतीच्या आधी पुन्हा पाना काढला. मागे उभं राहून घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा: उजवी टिप चारच्या आकड्याकडे, डावी आठच्या. धूर बॅगेपासून लांब, मागे-बाहेर जातो, धुरळा उडत नाही, पाणी साचत नाही. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याच्या पोटरीपासून अंतर ठेवायचं, एवढंच. कोरड्या गवतावर मात्र कुठलीच दिशा चालत नाही, गाडी मोकळ्या जमिनीवरच लावा.

‘म्हणजे कुणाला त्रास होतो ते बघून ठरवायचं होतं,’ बायको म्हणाली. कुर्त्याची भरपाई अजून बाकी आहे.

कसं जाल? पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण, तिथून डावीकडे राशीन, कर्जत. वेळ असेल तर याच तालुक्यातलं, भीमेकाठचं सिद्धटेक करा.