पडदा आपला, चित्र कुणाचे?

बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्या पगाराच्या आधीच कळते. हातात असणे वेगळे आणि आपले असणे वेगळे. दिवसभरात लाखांच्या थप्प्या माझ्या बोटांखालून जातात आणि संध्याकाळी बोटांना उरतो तो फक्त स्पंजच्या डबीतला ओलावा. त्यामुळे मालकी या विषयावर बोलण्याचा अधिकार घरमालकापेक्षा कॅशियरला जास्त, असे माझे नम्र मत आहे.

हे मत ऐकून घ्यायला आजवर कुणी तयार नव्हते. ती संधी दिली आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मास्तरांनी. झाले असे, की बी विंगमधल्या एका आजींनी मोबाइलवर आलेल्या कुठल्याशा लिंकवर बोट ठेवले आणि तीन महिन्यांचे पेन्शन त्या बोटावाटे निघून गेले. मास्तर नुसते हळहळून थांबणाऱ्यांतले नव्हेत. 'बोट कुठे ठेवावे आणि कुठे ठेवू नये' या विषयावर ज्येष्ठ नागरिकांसाठी त्यांनी सचित्र पुस्तिका लिहायला घेतली. सचित्र अशासाठी, की 'सेटिंगमध्ये जा' म्हटले की निम्मे ज्येष्ठ नागरिक चष्मा पुसायला लागतात. तिथे दातेरी चाकाचे चित्रच दाखवावे लागते. मास्तरांनी कॉम्प्युटरच्या आणि मोबाइलच्या पडद्याची चाळीस चित्रे काढली (नातवाच्या भाषेत स्क्रीनशॉट) आणि आता पुस्तिका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार, तेवढ्यात सेक्रेटरींनी विचारले, "परवानगी घेतलीत का? कंपनी कोर्टात खेचेल हां!"

मास्तरांची झोप उडाली. रात्री साडेनऊला आमची बेल वाजली.

"अहो बँकवाले, तुम्ही बी.कॉम. ना? बिझनेस लॉ झाला असेल तुमचा."

झाला होता. परीक्षेपुरता झाला होता. म्हणून रीतसर कायदा उघडून बसलो, आणि पहिल्याच पानांत मला धक्का बसला. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा १९८४ च्या दुरुस्तीपासून कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला चक्क 'साहित्यकृती' मानतो! मी इतकी वर्षे दिवाळी अंकांतून लिहितो आहे, आमची सौ. अजून त्याला साहित्य मानायला तयार नाही, आणि इथे हिशेबाचा प्रोग्राम कादंबरीच्या पंगतीला जाऊन बसलेला. शिवाय साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रोग्राम बिचारा सहा वर्षांत म्हातारा होतो. पण हक्क मात्र ठणठणीत!

"पण मी रोख पैसे मोजून घेतलाय," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही प्रोग्राम घेतला नाहीत, वापरण्याचा परवाना घेतलात. तुम्ही मालक नव्हे, भाडेकरू."

"असं कुठं लिहिलंय?"

"ज्या मजकुराखाली 'मला मान्य आहे' यावर बोट ठेवलंत, तिथं."

बोट कुठे ठेवावे याचे शास्त्र लिहिणारा माणूस क्षणभर गप्प झाला.

बरे, मालक एकच असता तर गोष्ट सोपी होती. एका चित्रात भाडेकरूंपेक्षा मालकच जास्त निघतात. प्रोग्राम एकाचा, खिडकीत उघडलेला मजकूर दुसऱ्याचा, मागचे चित्र तिसऱ्याचे. विंडोज एक्सपीवरची ती हिरवी टेकडी आठवते ना? ती कुणा चित्रकाराची कल्पना नाही. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली काढलेला तो फोटो. त्याचे हक्क मायक्रोसॉफ्टने २००० साली विकत घेतले. मास्तरांच्या पडद्यावर तर कुठल्याशा कॅलेंडरातला बालकृष्ण होता. त्याचाही चित्रकार असणारच. लोणी चोरणाऱ्याचे चित्रही चोरून चालत नाही, ही कायद्याची गंमत.

पण कायदा सेक्रेटरींइतका कठोर नसतो. खाजगी अभ्यास, टीका-समीक्षा, चालू घडामोडींची बातमी यांसाठी वाजवी वापर करायला कलम ५२ ची मुभा आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकालाही आहे. २०१६ साली दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या खटल्यात तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले, की शिकवणे म्हणजे केवळ फळ्यापुढे उभे राहणे नव्हे. आता विद्यापीठ वेगळे आणि सोसायटीचा हॉल वेगळा, हे मान्य. म्हणून मी म्हटले, परवानगी मिळत असेल तिथे ती घ्यावीच. लिबरऑफिससारखी मुक्त परवान्याची सॉफ्टवेअरे अख्खा प्रोग्रामच कॉपी करून वाटू देतात. मग चित्राचे काय घेऊन बसलात! आणि मायक्रोसॉफ्टने तर आपल्या पडद्यांच्या चित्रांसाठी अटीच जाहीर केल्या आहेत : चित्र लहानमोठे करा, बाकी फेरफार नको, परवानगीने वापरल्याचे लिहा, आत तिसऱ्याच कुणाचा मजकूर नको.

ही शेवटची अट वाचली आणि मी चित्र क्रमांक सतरा पुन्हा पाहिले. मास्तरांची ई-मेलची पेटी. त्यात विहीणबाईंच्या ऑपरेशनचा खर्च आकड्यांसह, जावयाच्या कर्जाची विचारणा आणि भाच्याचा फोन नंबर. मास्तर आठवडाभर परदेशातल्या कंपनीला भीत होते, आणि घरच्यांची गुपिते तीनशे मोबाइलांवर निघाली होती! कंपनी एक वेळ नोटीस पाठवून थांबेल. विहीणबाई थांबतील? आणि ज्या भामट्यांपासून आजींना वाचवायचे, त्यांच्या हाती आयतीच यादी!

"काळी पट्टी मारतो," मास्तर घाईने म्हणाले.

"फेरफार नको, ही अट आहे."

मास्तर जन्मभर गणित शिकवलेले. त्यांनी नवी कोरी पेटी उघडली, आणि इतकी वर्षे हौद भरणारे अ, ब आणि क एकमेकांना ई-मेल पाठवू लागले. बालकृष्ण जाऊन मागे नुसता निळा रंग आला. चाळीसच्या चाळीस चित्रे नव्याने निघाली. पुस्तिका झकास झाली. शेवटच्या पानावर मास्तरांनी ठसठशीत छापले : 'सर्व हक्क लेखकाच्या स्वाधीन.'

आठवड्याने शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर हीच पुस्तिका फिरू लागली, मास्तरांचे नाव वगळून! मास्तर लालबुंद. "निदान विचारायचं तरी! फुकटच दिली असती मी!"

पुरावा हवा म्हणून आम्ही बी विंगमधल्या आजींकडे गेलो, कारण त्यांनाही ती आली होती.

"आली होती," आजी म्हणाल्या, "पण मी नाही उघडली बाई. नंबर अनोळखी होता. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय ना, पान चारवर?"

मास्तरांनी दावा लावायचा विचार तिथेच सोडला.