अम्मी आता विचारते

मागच्या एप्रिलात अम्मी पहिल्यांदा एकटी पुण्याला गेली. वय ६७. सोलापूर ते स्वारगेट साधारण अडीचशे किलोमीटर, एसटीनं साडेपाच-सहा तास. सकाळी सातला मीच तिला खिडकीजवळ बसवून दिलं आणि शाळेत गेले. दुपारी बहिणीचा फोन. अम्मीला उतरताना चक्कर आली, दवाखान्यात नेलंय, सलाईन चालू आहे. शुगरची गोळी सकाळी घेतली होती आणि पोटात काहीच नव्हतं. पिशवीतली पाण्याची बाटली भरलेली तशीच, डबाही बांधलेला तसाच.

आम्ही तिला रागावलो. आजारी माणसावर आधी रागवायचं, ही आमच्या घरची रीतच आहे. रात्री तिनं बहिणीला खरं कारण सांगितलं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार. ते कुठे आहे हे विचारावं लागणार, गाडी किती वेळ थांबणार हेही विचारावं लागणार, आणि तेही कंडक्टरला. "मर्द मानुसकू ये बात कैसा पुछूं?" टेंभुर्णी गेलं, इंदापूर गेलं, भिगवण गेलं. प्रत्येक स्टँडवर बायका उतरत होत्या, परत येऊन बसत होत्या. अम्मी नकाब सावरून जागेवर बसून राहिली.

अब्बा होते तोवर अम्मीनं कधी तिकीट काढलं नाही. पण ती घरात बसून राहिलेली बाई नव्हे. विड्या वळून तिनं आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. विजापूर वेशीतून कारखान्यात माल द्यायला एकटी जायची, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांवरून भांडायची, आणि शेजारी बसणाऱ्या पद्मशाली बायकांकडून तेलुगू शिकली. पण ते तिचं गाव, तिची माणसं. परगावी जायचं म्हणजे अब्बा पुढे, ती मागे. दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. मला शाळेमुळे रजा नाही, भावाचं दुकान. पुण्याची लेक बाळंत व्हायची होती.

प्रवासाची सोय तशी झाली आहे. एसटीत ज्येष्ठांना अर्धं तिकीट होतंच, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढे फुकट झालं, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. शिवाय रेल्वेत आरक्षण आधी काढावं लागतं, आणि लेकीकडे निघणं कधी ठरवून होत नाही. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका आता एसटीनं एकट्या जाऊ लागल्यात. तिकीट अर्धं झालं, पण परक्या माणसासमोर तोंड उघडायची सवय त्यासोबत मिळत नाही.

ती सवय तर आम्हीच लागू दिली नव्हती. निघताना भावानं बजावलं होतं: कुणाशी बोलू नको, कुणाचं काही खाऊ नको, पिशवी कुणाकडे देऊ नको. वर मी: जमाना खराब आहे. आणखी एक गोष्ट होती, ती आम्ही बोललो नाही, पण अम्मीला कळली. बुरख्यातली बाई, बोली दखनी. तोंड उघडल्यावर समोरचा कसा बघेल याचा भरवसा नाही, तर न उघडलेलं बरं. हे मला स्वतःला ठाऊक आहे. मी मराठी शिकवते, तरी रस्ता विचारला की "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!" हे ऐकून घ्यावं लागतं. आता चिडत नाही, पण पत्ता विचारण्याआधी त्या वाक्याची मनात तयारी करते. एकदा मुंबईला प्रशिक्षणाला गेले तेव्हा फोनमधला नकाशा उलटसुलट करत मी अर्धा तास एकाच चौकात उभी होते. समोर चहाची टपरी होती. मी कुठल्या तोंडानं अम्मीला शिकवणार?

अम्मीचं म्हणणं, मांगना बुरी बात है. देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा चांगला, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. उर्दूत मदद मांगतात आणि भीकही मांगतात, मराठीतही तेच, मदत मागतात आणि भीक मागतात. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला हे कधी खटकलं नव्हतं. मी म्हटलं, अम्मी, दुआसुद्धा मांगतेसच ना? आणि तू इथे मागत नाहीस, विचारतेस. ती गप्प झाली. पटलं म्हणून नाही, असरची नमाज व्हायची होती.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सराव सुरू केला. बी.एड.ला आम्ही पाठ घ्यायचो आणि सर मागच्या बाकावर बसून बघायचे, तसं. सोलापूर स्टँडवर जायचं, मी दहा पावलं मागे, विचारायचं तिनं. पहिल्याच दिवशी म्हटलं, एक नंबरच्या फलाटावर जा. ती पाटीखालून सरळ पुढे निघून गेली. देवनागरी १ तिला उर्दूतला नऊ वाटला. आकार जवळजवळ सारखाच आहे. अम्मी उर्दू चांगलं वाचते, कुरआन रोज वाचते, म्हणून आम्ही तिला कधी अनपढ समजलो नाही. पण पाट्या मराठीत असतात आणि त्या तिला वाचता येत नाहीत, हे घरात कुणी बोललंच नाही. अब्बा वाचायचे. वर्गातली लहान मुलं हीच चूक करतात आणि त्यांच्या वहीत ती मी वीस वर्षं दुरुस्त करतेय.

मग प्रश्न कसा विचारायचा ते. "ये गाडी पुना जाती?" म्हटलं की घाईतला माणूस "हो हो" म्हणून मोकळा होतो. म्हणून "ही गाडी कुठे जाते?" असं विचारायचं. पुण्याचं नाव समोरच्याच्या तोंडून आलं पाहिजे. हे तिनं लगेच उचललं. कारखान्यात हिशोबाच्या वेळी ती असंच करायची म्हणे, आकडा आधी मुनीमानं सांगायचा. आणि कुणाला विचारायचं हे तर तिनंच मला शिकवलं. चालत्या माणसाला नको, बसलेल्याला विचार. फोनवर बोलणाऱ्याला नको. एकाला विचारून थांबू नको, दोघांना विचार.

बाथरूमचं वाक्य मात्र काही केल्या तोंडातून निघेना.

त्यावर उपाय शेजारच्या खालानं काढला. ही खाला २०२३ मध्ये मेहरमशिवाय हजला जाऊन आली. २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या बायकांना चौघींच्या गटानं तसं जाता येऊ लागलं, आणि २०२३ ला देशातून अशा चार हजारांवर बायका गेल्या. यावर आमच्या मोहल्ल्यात दोन मतं आहेत आणि राहतील. खालाला त्याचं काही नाही. मिनात सगळे तंबू पांढरे आणि सारखे. ती दोनदा हरवली, दोन्ही वेळा हातातलं कडं पुढे करून, अरबीत एक वाक्य न बोलता परत आली. ती अम्मीला म्हणाली, मर्दाला सांगवत नसेल तर बाजूच्या बाईला सांग, ती कंडक्टरला सांगेल. आणि पुढे म्हणाली, "हाजराबीबी सफापो कायकू चढी थी? कोई दिखता क्या देखनेकूच ना?" एकटी बाई, तान्हं लेकरू, पाणी नाही, आणि दोन टेकड्यांमध्ये सात फेऱ्या. हजला गेलेला प्रत्येक जण, मर्दसुद्धा, आजही त्याच फेऱ्या मारतो. अम्मीनं ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. पण त्यात एक बाई मदत शोधत होती, असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

ऑगस्टमध्ये ती दुसऱ्यांदा निघाली. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते, तेवढ्यात इंदापूर स्टँडवरून फोन. "पानी पी. चपाती खाई. अब्बी जाके आई." शेजारच्या सीटवर नेमकी सोलापूरचीच एक तेलुगू मावशी निघाली होती, तिनंही जन्मभर विड्याच वळलेल्या. दोघींचं टेंभुर्णीपर्यंत तेलुगूत बोलणं झालं, इंदापूरला दोघी मिळून उतरल्या, आणि "आम्ही आल्याशिवाय गाडी सोडू नका" हे कंडक्टरला त्या मावशीनं ठणकावून सांगितलं. तो हसून "जा आजी, आहे मी" म्हणाला म्हणे. एवढंच होतं ते. त्या एवढ्यासाठी एप्रिलात सलाईन लागलं होतं. मी वह्या बाजूला ठेवल्या आणि जरा वेळ तशीच बसले.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला देवनागरी शिकवायला बसवलं. हे फार आधी करायला हवं होतं. आता ती सो-ला-पू-र, पु-णे जोडून वाचते, ‘स्वा’ला अडखळते, १ पाहिला की अजून क्षणभर थांबते. परवा सोडायला गेले तर पुण्याची पाटी तिनं स्वतः वाचली, मला वाचून दाखवली, आणि सरळ जाऊन कंडक्टरला विचारलं, "भाऊ, ही गाडी कुठे जाते?"

म्हटलं, अम्मी, आत्ता वाचलंस ना?

"पढी ना. पन बोर्ड मेरेसे बात थोडी करताय!"

गाडी सुटेपर्यंत तिनं त्याचं गाव, त्याला लेकरं किती, आणि त्याच्या आईला शुगरची कुठली गोळी चालू आहे, एवढं विचारून घेतलं होतं.