आईच्या हाताचं माप

माझी आई शिवणकाम करते. बेळगावात शहापूरला आमच्या दोन खोल्या आहेत, त्यातली पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. तिथे एक मापांची वही आहे. उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, असं प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे लिहिलेलं. कुर्ती शिवायची असेल तर शेवटी अजून एक शब्द असतो : खिसा.

मध्ये परीक्षेच्या सुट्टीत मी त्या जुन्या वह्या चाळत होते. २०१६ च्या वहीत 'खिसा खोल ६' असं आहे. २०१९ च्या वहीत बऱ्याच नावांपुढे ७ आहे. आता ती सरळ ८ लिहिते, विचारतसुद्धा नाही. नावं बहुतेक तीच आहेत. बायकांचे हात काही दहा वर्षांत दोन इंचांनी वाढले नाहीत. वाढले ते खिशात जाणारे फोन.

फोन लहान का मिळत नाही, हा प्रश्न मला त्या वहीमुळे नाही पडला. तो आईच्या फोनमुळे पडला.

२०१५ साली बाबांनी आईला तिचा पहिला स्मार्टफोन घेऊन दिला. ४.३ इंची स्क्रीन, तेरा सेंटिमीटर लांब, सात सेंटिमीटरच्या आत रुंद, वजन सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. मशीनवर बसली की तिचा डावा हात कापडावर असायचा आणि उजव्या हाताने ती पाट्यावरचा फोन उचलायची. अंगठा चारी कोपऱ्यांना पोचायचा. "हं, बोला वैनी, उद्या न्या की," म्हणत फोन खाली ठेवायची आणि शिलाई पुढे चालू. बाहेर जाताना बटव्याबरोबर तो ब्लाउजमध्ये जायचा. आमच्या आजीच्या कनवटीला चंची असायची, तशी ती त्या फोनची जागा होती.

मला मात्र तो फोन अजिबात आवडायचा नाही. २०२० मध्ये मी आठवीत होते. शाळा बंद, वर्ग फोनवर, आणि घरात फोन एकच. ४.३ इंचात फळ्यावरचं गणित वाचायचं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. मैत्रिणींच्या घरी मोठे फोन आले होते. मी रोज रडायचे आणि आई रोज म्हणायची, "चालतंय की अजून, कशाला टाकायचं?"

२०२१ मध्ये आई जिन्यावरून पडली. डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण दोन बोटं पुरती मिटत नाहीत. कापड सरकवायला तो हात पुरतो, वस्तू पकडायला नाही. तेव्हापासून तिच्या पकडीचा हात एकच. पण एका हातात मावणारा फोन असल्यामुळे तिचं काही अडलं नाही, म्हणून आम्हाला कुणाला ते जाणवलंही नाही.

जाणवलं ते २०२३ च्या दसऱ्याला. खंडेनवमीला आईने मशीन, कात्री, टेप, इस्त्री यांच्याबरोबर फोनलाही झेंडूचं फूल वाहिलं होतं. दसऱ्यानंतर, सगळं गाव ज्या ॲपवर फोटो आणि निरोप पाठवतं, ते ॲप त्या फोनवर बंद पडलं. फोनमध्ये अँड्रॉइड ४.४ होतं आणि ॲपला आता त्याच्या पुढचं हवं होतं. आईच्या निम्म्या ऑर्डरी त्यावर यायच्या. गळ्याची डिझाइन, बाहीचा फोटो, "लटकन लावा" असे निरोप. दुरुस्तीवाल्याने फोन उलटासुलटा करून पाहिला. बॅटरी बदलून देतो म्हणाला, पण आतलं अँड्रॉइड वर चढत नाही म्हणाला. आई म्हणाली, "म्हणजे कापड चांगलं आहे, पण ह्या रंगाचा दोराच मिळत नाही."

मग आम्ही दोघी बाजारात गेलो. आईने दुकानदाराला एकच सांगितलं, "एका हातात मावणारा द्या." त्याने सहा-सात फोन काचेवर मांडले. सगळे साडेसहा इंचाच्या आसपास. आईने जुना फोन काढून शेजारी ठेवला. दुकानातला पोरगा हसला. "सण्णदु इल्ल, अक्का," म्हणाला, आणि मग मराठीत, "लहान पायजे तर बटनाचा घ्यावा लागतंय."

"मधलं माप नाही?"

"मधलं येतच नाही."

आईने पर्समधली टेप काढली. "हे इंच कुठनं कुठं मोजतात गं?" मी सांगितलं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरकं. "तिरकं माप घेऊन कुणाला अंगाला बसतंय?" असं म्हणून तिने टेप आडवी लावली. तिच्या फोनपेक्षा नवा फोन जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त रुंद होता. ऐकायला काहीच नाही. पण अंगठा पलीकडच्या कडेला पोचतो की नाही, हे त्या एका सेंटिमीटरवर ठरतं. लांबीने तर तो साडेतीन सेंटिमीटर जास्त होता, म्हणजे वरच्या कोपऱ्याचं नावच नको.

त्या रात्री मी शोधत बसले. लहान फोन कुणी काढलेच नव्हते असं नाही. २०११ मध्ये सॅमसंगचा पहिला नोट आला तेव्हा त्याच्या ५.३ इंची स्क्रीनला लोक हसले होते, एवढा मोठा फोन कानाला लावायचा का म्हणून. २०१६ मध्ये ॲपलने ४ इंची एसई आणला, आणि आदल्या वर्षात ४ इंची फोन तीन कोटी विकले गेले, असं सांगितलं. २०२० मध्ये १२ मिनी आला : स्क्रीन ५.४ इंच, पण कडा इतक्या बारीक की अंगाने तो आईच्या जुन्या फोनपेक्षाही अरुंद. आपल्याकडे किंमत ६९,९०० रुपयांपासून. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढ्यात मोटारवालं मशीन आणि ओव्हरलॉक दोन्ही येतंय, वर पैसे उरतात." २०२१ मध्ये १३ मिनी आला आणि २०२२ मध्ये ती मालिका थांबली. मिनीच्या जागी ६.७ इंचाचा प्लस आला. सोनीचे कॉम्पॅक्ट त्याआधीच गेले होते. असूसचा झेनफोन २०२३ पर्यंत ५.९ इंचाचा होता. पुढच्या वर्षी तोही पावणेसात इंचांच्या वर गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲपलने एसईसुद्धा बंद केला. पेबल घड्याळाचा संस्थापक एरिक मिजिकोव्हस्की याने २०२२ मध्ये 'आम्हाला लहान अँड्रॉइड हवा' म्हणून सह्या गोळा करायला घेतल्या. म्हणजे ज्याने स्वतः उपकरणं बनवून विकली, त्यालाही हवा तसा फोन दुकानात मिळत नव्हता.

मोठे फोन का चालतात, हे मला कुणी सांगायला नको. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि आपण फोनवर बोलायचं कमी करून बघायला लागलो. मोठ्या फोनमध्ये मोठी बॅटरी बसते, कॅमेऱ्याला जागा मिळते. आणि आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी संगणक नाही. टीव्ही, वर्ग, बँक, सगळं त्या एकाच काचेवर. आठवीत मला मोठाच फोन हवा होता. आज तुम्ही हा अंकही बहुतेक सहा-साडेसहा इंचांवर वाचत असाल.

पण मग लहान फोन कुणाला हवा असतो? मी आजूबाजूला विचारायला लागले. आमच्या गल्लीतले एक काका बसवर कंडक्टर आहेत. एका हातात तिकिटाचं यंत्र, दुसऱ्या हाताने दांडी. त्यांना लहान हवा. दवाखान्यात नर्स असलेल्या मावशींना हवा, कारण युनिफॉर्मच्या खिशातला मोठा फोन खाली वाकलं की बाहेर पडतो. उद्यमबागेत फाउंड्रीत जाणाऱ्या दादाला हवा. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना हवा, कारण रेडीमेड जीन्सचा खिसा चार बोटांचा असतो. झेनेप तुफेक्ची या समाजशास्त्राच्या अभ्यासक २०१३ मध्येच लिहून गेल्या आहेत, की इस्तंबूलच्या आंदोलनात एका हाताने फोन वर धरून फोटो काढायला गेल्या आणि त्यांच्या हाताला तो फोन पेललाच नाही. म्हणजे हात बेळगावचा असो की इस्तंबूलचा.

आता माझ्या लक्षात आलेली गोष्ट सांगते. ह्या सगळ्यांना मी विचारलं, तुमचा फोन किती वर्षांचा? कंडक्टर काका, सहा वर्षं. मावशी, पाच. आईचा तर आठ वर्षं टिकला. ज्याला लहान फोन हवा असतो, त्याला फोन हे हत्यार म्हणून हवं असतं, कात्रीसारखं. हाताला बसलेली कात्री आई बदलत नाही, धार लावून घेते. पण कंपनी मोजते ती ह्या वर्षी किती नवे फोन विकले गेले ते. जो आठ वर्षांत एकदाच दुकानात येतो, तो त्या मोजणीत सात वर्षं नसतोच. शिवाय तो मिनीएवढे पैसे मोजू शकत नाही. म्हणून 'लहान फोनला मागणी नाही' असं म्हणतात, तेव्हा ते खोटं नसतं. मागणी असते, पण ती दुकानात दिसत नाही. ती आमच्या गल्लीत असते.

शेवटी आम्ही ६.६ इंची फोन घेतला. पहिले दोन दिवस आई खूश होती, हेही सांगायला हवं. तिला चाळिशी लागलेली. गळ्याची डिझाइन चष्मा न लावता दिसायला लागली. "डोळ्यांना मोठा पायजे, हाताला लहान पायजे," ती म्हणाली, "आता मी कुणाचं ऐकू?"

पण दोनशे ग्रॅमचा फोन एका हातात धरून त्याच अंगठ्याने टाइप करणं तिला जमेना. दुसऱ्या हाताने धरावं तर बोटं मिटत नाहीत. दोनदा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर तिने तो मशीनच्या पाट्यावरून उचलून कपाटावर ठेवला. "कॉलेजातनं आलीस की निरोप बघत जा गं," म्हणाली. आणि मी बघायला लागले. म्हणजे कधी बघायचे, कधी नुसतेच उघडायचे.

त्या डिसेंबरात कॅम्पातल्या चर्चच्या गायनवृंदातून बारा ब्लाउजांचा निरोप आला होता. नाताळसाठी, एकसारखे. मी तो बसस्टॉपवर उघडला, आईला सांगायचं म्हणून ठरवला, आणि विसरले. मी उघडल्यामुळे तिकडे 'वाचलं' अशी खूण गेली. त्यांना वाटलं, उत्तर येत नाही म्हणजे आईला काम नको आहे. आठवड्याने त्यांनी दुसरीकडे दिलं. गेली सहा वर्षं ते काम आईकडे होतं.

आई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती बॉबिनमध्ये दोरा भरत होती. तेवढंच म्हणाली, "आधी माझे निरोप माझ्या हातात होते."

मला ते वाक्य अजून टोचतं. मी आठवीत ज्या फोनला शिव्या द्यायचे, त्याच्यामुळे माझ्या आईला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं.

मग तिनेच मार्ग काढला. जुन्या खणाच्या तुकड्याचं कव्हर शिवलं आणि मागे दोन इंची इलॅस्टिकची पट्टी आडवी घातली. त्यात तीन बोटं घातली की फोन तळव्याला चिकटून राहतो, पकडावा लागत नाही. मी फोनमध्ये एका हाताने वापरायची सोय चालू करून दिली, म्हणजे स्क्रीन खाली सरकते आणि वरचा कोपरा अंगठ्याजवळ येतो. अगदी पहिल्यासारखं नाही, पण निरोप परत तिच्या हातात आले. कंडक्टर काकांनी एक कव्हर शिवून नेलं, नर्स मावशींनी दोन. पुढच्या नाताळाआधी गायनवृंदाकडे आईने स्वतः आवाजी निरोप पाठवला. बारा नाही, पाच ब्लाउज आले.

जुना फोन मशीनच्या ड्रॉवरमध्ये असतो, बॉबिन केस आणि खडूच्या शेजारी. सकाळचा गजर आई अजून त्याच्यावर लावते. गेल्या महिन्यात मी फोनची जाहिरात बघत होते, तर तिने विचारलं, "ह्या वर्षी लहान आला का गं?"

"नाही आई."

"असू दे." समोर एक मुलगी कुर्तीचं माप द्यायला उभी होती. आईने तिचा फोन हातात घेऊन पाहिला आणि मला म्हणाली, "लिही, खिसा खोल साडेआठ."